बिशपची स्वाक्षरी आणि अँडोराचा घटनात्मक पेच

पोप लिओ चौदावे यांनी ३१ मे २०२५ रोजी उर्जेल धर्मप्रांताचे बिशप जोआन एनरिक व्हिव्हेस यांचा राजीनामा स्वीकारला. वयाची ७५ वर्षे पूर्ण होताच बिशपने पोपकडे राजीनामा सादर करावा, हा कॅथलिक चर्चचा नियम वसई, मुंबई आणि गोव्याच्या भाविकांनाही परिचयाचा आहे. व्हिव्हेस यांच्या बाबतीतही तेवढेच घडले. परंतु या एका स्वीकृतीमुळे स्पेनच्या कातालोनिया प्रांतातील एका डोंगराळ धर्मप्रांताला नवे बिशप मिळाले आणि त्याच क्षणी शेजारच्या एका सार्वभौम देशाला नवे राष्ट्रप्रमुखही मिळाले. त्यासाठी मतदान झाले नाही, संसदेत ठराव झाला नाही, राजघराण्यात कोणाचा मृत्यूही झाला नाही.

हा देश म्हणजे अँडोरा. फ्रान्स आणि स्पेन यांच्या मधल्या पिरेनीज पर्वतराजीत वसलेला, ४६८ चौरस किलोमीटर क्षेत्रफळाचा आणि ८० हजारांहून थोड्या अधिक लोकवस्तीचा. मुंबईतील एखाद्या विधानसभा मतदारसंघातही याहून अधिक माणसे राहतात. या देशाला एकाच वेळी दोन राष्ट्रप्रमुख असतात. एक फ्रान्सचे राष्ट्राध्यक्ष आणि दुसरे उर्जेलचे बिशप. दोघांना मिळून सहअधिपती म्हटले जाते. मराठी वृत्तपत्रांत कधीकधी ‘राजपुत्र’ असा शब्द वापरला जातो, पण त्याने घोटाळाच अधिक होतो. येथे कोणी कोणाचा पुत्र म्हणून गादीवर येत नाही. दोघेही अँडोराचे मूळ नागरिक नसतात, दोघांचीही निवड अँडोराबाहेर होते. एकाला फ्रान्सचे मतदार निवडतात, दुसऱ्याला पोप नेमतात.

व्हिव्हेस यांचे उत्तराधिकारी जोसेप लुईस सेरानो पेंटिनाट यांची नियुक्ती आधीच ठरलेली होती. पोप फ्रान्सिस यांनी जुलै २०२४ मध्ये त्यांना उत्तराधिकाराच्या हक्कासह सहबिशप नेमले होते आणि सप्टेंबरमध्ये व्हॅटिकनचे परराष्ट्र व्यवहार सांभाळणारे कार्डिनल पिएत्रो पारोलिन यांच्या हस्ते त्यांची बिशपपदी दीक्षा झाली. १९७७ मध्ये तारागोना प्रांतातील तिविसा या गावी जन्मलेले सेरानो हे व्हॅटिकनच्या राजनैतिक सेवेतले. मोझांबिक, निकाराग्वा आणि ब्राझील येथील पोपच्या दूतावासांत त्यांनी काम केले आणि पुढे ते व्हॅटिकनच्या राज्य सचिवालयात होते. उर्जेलसारख्या विरळ वस्तीच्या धर्मप्रांतासाठी मुत्सद्द्याची निवड का झाली, याचे उत्तर त्या धर्मप्रांताच्या गरजांत शोधून सापडणार नाही. ते अँडोरात दीर्घकाळ रेंगाळलेल्या एका प्रश्नात आहे. गर्भपाताला संपूर्ण बंदी असलेल्या या देशात तो कायदा बदलला, तर बिशप राष्ट्रप्रमुखपदी राहतील काय, हा तो प्रश्न.

हे पद कसे निर्माण झाले, हे पाहिल्याशिवाय पेचाचे स्वरूप ध्यानात येत नाही. तेराव्या शतकात अँडोराच्या खोऱ्यांवर उर्जेलचे बिशप आणि फ्वाचे काउंट असे दोघे हक्क सांगत होते. वर्षानुवर्षांच्या चकमकींनंतर ८ सप्टेंबर १२७८ रोजी बिशप पेरे दुर्च आणि काउंट रोजे बेर्नार तिसरे यांच्यात करार झाला. दोघांनी खोऱ्यांचे स्वामित्व सामाईक ठेवावे, न्यायदानात दोघांचा वाटा असावा आणि खंडणी एका वर्षी एकाने तर पुढच्या वर्षी दुसऱ्याने घ्यावी, असे ठरले. १२८८ मध्ये त्याला दुसऱ्या कराराची जोड मिळाली. युरोपात अशा सामाईक स्वामित्वाच्या व्यवस्था त्या काळी अनेक होत्या. टिकली ती ही एकच.

काउंटचा हक्क पुढे वारसाने नाव्हारच्या राजांकडे आणि तेथून चौथ्या हेन्रीबरोबर फ्रान्सच्या सिंहासनाकडे गेला. १६०७ मध्ये हेन्रीने फर्मान काढून तो फ्रान्सच्या राजपदाशी कायमचा जोडला. याच सुमारास, १६०७ ते १६०९ या काळात, गोव्याचे आर्चबिशप आलेशो द मेनेझिस हे पोर्तुगीज भारताचे गव्हर्नर म्हणून कारभार पाहत होते, हा योगायोग येथे आठवतो. धर्मपीठ आणि राजदंड एकाच हाती असणे त्या काळात कोणालाच वावगे वाटत नव्हते. जर्मन भूमीत कोलोन, माइन्झ, ट्रीअर येथील आर्चबिशप स्वतःच्या राज्यांचे शासक होते आणि सम्राटाच्या निवडणुकीत त्यांना मत होते. ती राज्ये १८०३ च्या सुमारास विसर्जित झाली. अँडोरा मात्र कोणाच्या नजरेत भरण्याइतका मोठा नव्हता. फ्रेंच क्रांतिकारकांनी १७९३ मध्ये सरंजामी अवशेष म्हणून अँडोराची खंडणी नाकारली, तेव्हा आनंद होण्याऐवजी अँडोरावासीयांना काळजीच वाटली. कारण दोन पालकांपैकी एक गेला की दुसऱ्याच्या पूर्ण ताब्यात जाण्याची भीती होती. त्यांनीच पाठपुरावा केला आणि १८०६ मध्ये नेपोलियनने जुना संबंध पूर्ववत केला. ही भीती आजच्या राजकारणातही तशीच आहे. तिच्याकडे पुन्हा यावे लागेल.

१९३४ मध्ये तर बोरिस स्कोसिरेफ नावाच्या एका रशियन साहसवीराने स्वतःला अँडोराचा राजा जाहीर केले आणि बिशपविरुद्ध युद्धही पुकारले. स्पेनच्या पोलिसांनी त्याला पकडून नेले आणि ‘राजवट’ काही दिवसांतच संपली. हा प्रसंग आज पर्यटकांना विनोद म्हणून सांगितला जातो. मात्र मध्ययुगीन करारावर चालणारा देश विसाव्या शतकात किती अधांतरी होता, हे त्यातून दिसते. त्या काळी तेथे लिखित राज्यघटना नव्हती, पक्ष नव्हते, स्त्रियांना मताधिकार मिळाला तो १९७० मध्ये. सहअधिपतींची एकमेकांशी गाठभेटही क्वचितच होई. राष्ट्राध्यक्ष जॉर्ज पाँपिदू आणि बिशप जोआन मार्ती अलानिस १९७३ मध्ये फ्रान्समधील काओर येथे भेटले, तेव्हा ती भेट ऐतिहासिक मानली गेली.

राज्यघटना आली ती १९९३ मध्ये. १४ मार्च रोजी झालेल्या सार्वमतात ती मंजूर झाली आणि फ्रान्स्वा मितेराँ व बिशप मार्ती अलानिस यांनी तिच्यावर स्वाक्षऱ्या केल्या. त्याच वर्षी जुलैमध्ये अँडोरा संयुक्त राष्ट्रांचा सदस्य झाला. सार्वभौमत्व जनतेकडे आले, २८ सदस्यांची सर्वसाधारण परिषद ही संसद झाली, सरकारचे प्रमुख तिला उत्तरदायी ठरले. शतकानुशतके चालत आलेली खंडणीही इतिहासजमा झाली. तिच्यात रोख रकमेबरोबर डुकराचे खारवलेले मांस, चीज आणि कोंबड्या यांचाही समावेश असे. सहअधिपती मात्र राहिले. ते ‘संयुक्तपणे आणि अविभाज्यपणे’ राष्ट्रप्रमुख आहेत, असे घटना सांगते. दोघांच्या कार्यालयांसाठी अर्थसंकल्पात समान रक्कम ठेवावी, असेही त्यात नमूद आहे. एक अण्वस्त्रधारी राष्ट्राचा अध्यक्ष आणि दुसरा एका छोट्या धर्मप्रांताचा बिशप. अँडोराच्या कागदोपत्री दोघांचे वजन सारखेच.

बिशपांचे वास्तव्य अँडोरात नसते. ते स्पेनच्या हद्दीत, ला सेऊ दुर्जेल या गावातील बिशप निवासात राहतात. अँडोराची राजधानी अँडोरा ला वेला तेथून सुमारे २० किलोमीटरवर आहे. अँडोरातील सातही पॅरिश त्यांच्या धर्मप्रांतात मोडतात, त्यामुळे देशातील कॅथलिकांसाठी ते आधी धर्मगुरू आणि मग राष्ट्रप्रमुख. ८ सप्टेंबर हा मेरित्शेल मातेचा सण अँडोराचा राष्ट्रीय दिन असतो. १२७८ चा करारही याच तारखेचा. त्या दिवशी मेरित्शेलच्या तीर्थस्थानी बिशप मिस्सा अर्पण करतात तेव्हा सरकारप्रमुख आणि लोकप्रतिनिधी समोर बसलेले असतात. परदेशी राजदूतांना आपली अधिकारपत्रे दोन्ही सहअधिपतींना स्वतंत्रपणे सादर करावी लागतात. माद्रिदमधील भारतीय राजदूतांकडेच अँडोराचीही जबाबदारी असल्याने हा दुहेरी शिरस्ता भारतालाही लागू आहे. स्पेनमधील पोपचे दूत हेच अँडोरातीलही दूत असतात. म्हणजे पोपचा प्रतिनिधी पोपनेच नेमलेल्या बिशपकडे परदेशी राजदूत म्हणून जातो. चर्चच्या अंतर्गत उतरंडीत आणि राजनैतिक शिष्टाचारात असे पेच या एका पदामुळे निर्माण होतात, आणि सर्वांनी ते निमूटपणे पचवले आहेत.

खरे तर चर्चचा स्वतःचा कायदाच अशा पदाच्या विरोधात आहे. नागरी सत्तेच्या वापरात सहभागी व्हावे लागेल अशी सार्वजनिक पदे धर्मगुरूंनी स्वीकारू नयेत, असे चर्चच्या विधिसंहितेच्या २८५ व्या कलमात म्हटले आहे. पॅराग्वेचे फर्नांडो लुगो यांना याचा अनुभव आला. सान पेद्रोचे माजी बिशप असलेल्या लुगो यांनी राजकारणात उडी घेतली तेव्हा व्हॅटिकनने २००७ मध्ये त्यांना धार्मिक कार्यातून निलंबित केले. ते निवडणूक जिंकल्यावर २००८ मध्ये पोप बेनेडिक्ट सोळावे यांनी त्यांना धर्मगुरूपदाच्या बंधनांतून मुक्त केले आणि मगच ऑगस्टमध्ये त्यांनी राष्ट्राध्यक्षपदाची शपथ घेतली. बिशपपद आणि राष्ट्रप्रमुखपद यांपैकी एकच, हा चर्चचा सर्वसाधारण दंडक आहे. व्हॅटिकन सिटीचे प्रमुख असलेले पोप, अर्थात रोमचे बिशप, हा त्याला एक अपवाद. उर्जेल हा दुसरा. पहिल्या अपवादात राज्य चर्चसाठी आहे. दुसऱ्यात राज्य तेथील नागरिकांचे आहे, त्यांचे कायदे त्यांची संसद करते आणि त्या कायद्यांवर बिशपचे नाव येते.

ताण उत्पन्न होतो तो नेमका येथे. अँडोराच्या दंडसंहितेनुसार गर्भपात सर्व परिस्थितींत गुन्हा आहे. बलात्कारातून गर्भधारणा झाली असो, गर्भात गंभीर दोष असो वा मातेच्या जिवाला धोका असो, कायद्यात अपवाद नाही. गर्भपात करून घेणाऱ्या स्त्रीला सहा महिन्यांपर्यंत स्थानबद्धतेची, तर तो करणाऱ्या डॉक्टरला तीन वर्षांपर्यंत कैद आणि पाच वर्षांपर्यंत व्यवसायबंदीची शिक्षा होऊ शकते. प्रत्यक्षात गरजू स्त्रिया सीमा ओलांडून बार्सेलोना किंवा तुलूझ गाठतात. ज्यांच्याकडे पैसा, रजा आणि सोबत आहे त्यांना हा प्रवास काही तासांचा. पर्यटन हंगामापुरत्या हॉटेलांत आणि दुकानांत काम करणाऱ्या स्थलांतरित स्त्रियांसाठी तो तितका सोपा नाही.

यातील विसंगती फ्रान्सच्या बाजूने पाहिली की अधिक टोचते. फ्रान्सच्या संसदेने ४ मार्च २०२४ रोजी व्हर्सायमधील संयुक्त अधिवेशनात गर्भपाताचे स्वातंत्र्य राज्यघटनेत समाविष्ट केले. राष्ट्राध्यक्ष इमॅन्युएल मॅक्राँ यांनी त्याचे जाहीर स्वागत केले आणि चारच दिवसांनी, महिला दिनी, त्या दुरुस्तीवर शिक्कामोर्तब करणारा सोहळाही झाला. तेच मॅक्राँ ज्या दुसऱ्या देशाचे राष्ट्रप्रमुख आहेत तेथे याच कृतीबद्दल स्त्रीला शिक्षा होऊ शकते. स्त्रीवादी संघटनांनी ही विसंगती वारंवार दाखवून दिली आहे. सहअधिपतीला कायदा करण्याचा अधिकार नाही, तो संसदेचा आहे, हे उत्तर तांत्रिकदृष्ट्या बरोबर आहे. अडचण अशी की संसद आणि सरकार यांनी बिशपकडे पाहूनच हात आखडता घेतला आहे.

आता प्रश्न उरतो, बिशपने स्वाक्षरी केली नाही तर काय? भारतात राज्यपालांनी विधेयके किती काळ रोखून धरावीत, हा वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. अँडोराच्या घटनाकारांनी हा प्रसंग आधीच ओळखून ठेवला होता. संसदेने संमत केलेल्या कायद्याला सहअधिपतींनी आठ ते पंधरा दिवसांच्या मुदतीत संमती द्यायची असते. एका सहअधिपतीने कोणत्याही कारणाने स्वाक्षरी केली नाही, तर दुसऱ्याची स्वाक्षरी आणि सरकारप्रमुख किंवा संसदाध्यक्ष यांची प्रतिस्वाक्षरी पुरेशी ठरते. म्हणजे नकाराधिकार नाही, अलिप्त राहण्याची मुभा आहे. ही तरतूद वापरलीही गेली आहे. समलिंगी जोडप्यांच्या नागरी सहजीवनाला मान्यता देणारा कायदा २०१४ मध्ये संमत झाला, त्यावर बिशप व्हिव्हेस यांनी स्वाक्षरी केली नाही. डिसेंबरमध्ये तत्कालीन फ्रेंच राष्ट्राध्यक्ष फ्रान्स्वा ओलांद यांच्या एकट्याच्या स्वाक्षरीने तो अमलात आला. देश चालू राहिला, बिशपही पदावर राहिले.

मग गर्भपाताबाबत तोच मार्ग का खुला नाही? येथे युरोपातील दोन उदाहरणे उपयोगी पडतात. बेल्जियमचे राजे बोदुएं यांनी एप्रिल १९९० मध्ये गर्भपाताच्या कायद्यावर सही करणे सदसद्विवेकाला पटत नाही, असे सरकारला कळवले. सरकारने त्यांना राज्य करण्यास तात्पुरते असमर्थ ठरवले, मंत्रिमंडळाने कायद्यावर स्वाक्षऱ्या केल्या आणि दीड दिवसाने संसदेने राजांना पुन्हा पदावर बसवले. लक्झेम्बर्गचे ग्रँड ड्यूक हेन्री यांनी २००८ मध्ये दयामरणाच्या विधेयकाला संमती नाकारली, तेव्हा तेथे घटनादुरुस्ती करून संमतीचा अधिकारच काढून घेण्यात आला. दोन्ही राजे श्रद्धाळू कॅथलिक होते, पण त्यांचा विवेक हा त्यांचा वैयक्तिक विवेक होता. त्यांच्या जागी दुसरा राजा असता तर त्याने वेगळा निर्णय घेतला असता. उर्जेलच्या बिशपचे तसे नाही. ते पदावर आहेत ते चर्चचे प्रतिनिधी म्हणूनच. त्यांनी स्वतः सही केली नाही, तरी ज्या राज्याचे ते प्रमुख आहेत त्या राज्याच्या कायद्याने गर्भपाताला मुभा दिली, ही वस्तुस्थिती राहतेच. चर्चच्या विधिसंहितेनुसार गर्भपात घडवून आणणे हा आपोआप बहिष्कृतीला कारण ठरणारा अपराध आहे. नागरी सहजीवनाच्या कायद्याबद्दल चर्चची नापसंती होती, पण ती या तोडीची नव्हती. गर्भपात कायदेशीर झाल्यास आपण सहअधिपतीपद सोडू, अशी व्हिव्हेस यांची भूमिका वेळोवेळी प्रसिद्ध झाली, तिचा आधार हाच असावा.

एका बिशपने पद सोडणे ही वैयक्तिक बाब ठरली असती. पण बिशपच्या पदावरूनच चर्चने हात काढून घेतला, तर १२७८ पासूनचा समतोल कोसळतो. उरतात एकटे फ्रान्सचे राष्ट्राध्यक्ष. अँडोराच्या राजकारण्यांना नेमकी हीच १७९३ ची भीती वाटते. एका बलाढ्य शेजाऱ्याचा प्रमुख हाच आपला एकमेव राष्ट्रप्रमुख, ही कल्पना तेथे कोणालाच मानवणारी नाही. स्पेनच्या सीमेलगतच्या कातालान भाषक देशाला ती मुळीच रुचणार नाही. मग पर्याय प्रजासत्ताकाचा. त्यासाठी घटनादुरुस्ती लागेल, म्हणजे संसदेत दोनतृतीयांश बहुमत आणि त्यानंतर सार्वमत. प्रजासत्ताकाची मागणी करणारा आवाज अँडोरात आहे, पण क्षीण आहे. सात शतके शेजाऱ्यांच्या युद्धांपासून देशाला दूर ठेवणारी व्यवस्था मोडण्याचा धोका पत्करण्याची तयारी मुख्य पक्षांची नाही. राष्ट्राध्यक्ष निकोला सार्कोझी यांनी २००९ मध्ये बँक गोपनीयतेवरून सहअधिपतीपद सोडण्याची धमकी दिल्याचे वृत्त आले, तेव्हाही अँडोरा सरकार हादरले होते आणि लगोलग करविषयक पारदर्शकतेची आश्वासने दिली गेली. पद सोडण्याचा इशारा हे शस्त्र दोन्ही सहअधिपतींच्या हाती आहे आणि ते म्यानात राहूनच काम करते. लोकशाही राज्यघटनेच्या दृष्टीने ही चिंतेची बाब म्हणावी लागेल. नकाराधिकार घटनेने काढून घेतला, पण निघून जाण्याच्या शक्यतेने तो मागल्या दाराने परत आणला.

त्यात घटनेच्या आठव्या कलमाची भर पडते. जगण्याचा हक्क ‘त्याच्या विविध टप्प्यांत’ पूर्णपणे संरक्षित असल्याचे हे कलम सांगते. गर्भाचे जीवनही त्यात येते, असा अर्थ लावणाऱ्यांच्या मते साधा कायदा पुरेसा नाही. सहअधिपतींना एखादा कायदा घटनेशी सुसंगत आहे की नाही, याबाबत घटनात्मक न्यायाधिकरणाचा अभिप्राय मागण्याचा अधिकार आहे. न्यायाधिकरणाच्या चार सदस्यांपैकी एक बिशप नेमतात, एक फ्रेंच राष्ट्राध्यक्ष आणि दोन संसद. म्हणजे सहीचा अडथळा ओलांडला तरी पुढे दुसरी भिंत आहे.

सरकारप्रमुख शाविएर एस्पोत यांनी म्हणूनच मधला मार्ग धरला आहे. गर्भपात करून घेणाऱ्या स्त्रीला शिक्षा होऊ नये, मात्र अँडोरात गर्भपात होऊ नयेत, अशा स्वरूपाचा तोडगा व्हॅटिकनशी बोलून काढायचा आणि सहअधिपतीपदाच्या व्यवस्थेला धक्का लागू द्यायचा नाही, हे त्यांचे जाहीर धोरण आहे. चालू कार्यकाळात, म्हणजे २०२७ पर्यंत, हे साधण्याचा त्यांचा मनोदय आहे. कार्डिनल पारोलिन सप्टेंबर २०२३ मध्ये घटनेच्या तिसाव्या वर्षानिमित्त अँडोरात आले होते, तेव्हा हा विषय नाजूक आणि गुंतागुंतीचा असून तो विवेकाने हाताळावा लागेल, असेच त्यांनी सूचित केले. त्यांनी दार बंद केले नाही, उघडलेही नाही. वर्षभराने त्यांच्याच हातून दीक्षा घेतलेले, त्यांच्याच खात्यात तयार झालेले सेरानो आज त्या वाटाघाटींच्या एका टोकाला आहेत. सेरानो यांच्या नेमणुकीतून व्हॅटिकनला हे पद सोडायचे नाही, असा निष्कर्ष काढता येतो. सोडायचेच असते तर अनुभवी मुत्सद्दी तेथे पाठवण्याचे प्रयोजन नव्हते. शिवाय सेरानो अद्याप पन्नाशीच्या आत आहेत. नियमाप्रमाणे ते पाव शतकाहून अधिक काळ पदावर राहू शकतात. त्यांच्या कारकिर्दीत फ्रान्सचे अनेक राष्ट्राध्यक्ष येतील आणि जातील.

तोडग्याने कोणाचे समाधान होईल, हा मात्र वेगळा मुद्दा. शिक्षा रद्द झाली तरी स्त्रीला सीमा ओलांडावीच लागणार असेल, तर बदल कागदापुरता राहील, असे ‘स्टॉप व्हिओलेन्सिस’ या संघटनेचे म्हणणे आहे. या संघटनेच्या प्रमुख व्हानेसा मेंडोझा कोर्तेस यांनी २०१९ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या स्त्रीविषयक समितीपुढे देशातील बंदीबद्दल तक्रार मांडली, तेव्हा त्यांच्यावर राष्ट्रीय संस्थांच्या प्रतिष्ठेला बाधा आणल्याचा खटला भरण्यात आला. जानेवारी २०२४ मध्ये न्यायालयाने त्यांना निर्दोष मुक्त केले. आंतरराष्ट्रीय मंचावर केलेल्या निवेदनासाठी चार वर्षे न्यायालयाच्या फेऱ्या माराव्या लागाव्यात, यावरून हा विषय तेथील सत्तावर्तुळाला किती अडचणीचा वाटतो, हे कळते. गर्भाच्या हक्काचा आग्रह धरणाऱ्यांनाही अर्धवट तोडगा मान्य नाही. शिक्षा काढली की आज ना उद्या सेवा द्याव्या लागतील, अशी त्यांची शंका आहे, आणि ती अगदीच निराधार म्हणता येत नाही.

भारतात १९७१ पासून वैद्यकीय गर्भपाताचा कायदा आहे आणि २०२१ च्या दुरुस्तीने काही प्रवर्गांतील स्त्रियांसाठी मुदत २४ आठवड्यांपर्यंत वाढली. अशा कायद्याच्या अभावाची किंमत काय असते, हे भारतीयांना कळले ते आयर्लंडमधून. बेळगावशी नाते असलेल्या सविता हलप्पनवार यांचा २०१२ मध्ये गॉलवे येथे गर्भपात नाकारला गेल्यानंतर मृत्यू झाला. त्या घटनेने आयर्लंडचे जनमत ढवळून निघाले आणि २०१८ च्या सार्वमतात ६६ टक्क्यांहून अधिक मतदारांनी बंदी हटवण्याच्या बाजूने कौल दिला. सान मारिनो या दुसऱ्या चिमुकल्या कॅथलिक देशात २०२१ च्या सार्वमतात असाच कौल मिळाला. माल्टानेही २०२३ मध्ये मातेच्या जिवाला धोका असल्यास मर्यादित अपवाद मान्य केला. या तिन्ही देशांत प्रश्न मतदारांचा किंवा संसदेचा होता. कायदा बदलल्यावर राष्ट्रप्रमुखपदच रिकामे होईल, अशी टांगती तलवार त्यांपैकी कोणावर नव्हती.

दरम्यान अँडोरा आणि युरोपीय संघ यांच्यातील सहयोग कराराच्या वाटाघाटी डिसेंबर २०२३ मध्ये पूर्ण झाल्या असून तो सार्वमताला टाकण्याचे आश्वासन एस्पोत सरकारने दिले आहे. युरोपच्या एकसामाईक बाजारपेठेत प्रवेश देणारा हा करार देशाच्या अर्थकारणासाठी सर्वांत मोठा निर्णय ठरेल. सरकारला तो आणि गर्भपाताचा प्रश्न एकाच वेळी मतदारांपुढे यायला नको आहे. अँडोरातील संसदेची पुढील निवडणूक २०२७ मध्ये अपेक्षित आहे. फ्रान्समध्येही त्याच वर्षी नवे राष्ट्राध्यक्ष निवडले जातील आणि त्या निकालाबरोबर, अँडोरातील कोणाही मतदाराने मत न देता, त्या देशाचे दुसरे सहअधिपतीही बदलतील. ला सेऊ दुर्जेलच्या निवासातील बिशप मात्र तेच असतील.